ख्रिस्ती विश्वासात आल्यापासून घरच्यांनी संबंध तोडले, त्यातच नोकरी गेली. आता प्रार्थनाही होत नाही. विश्वास कसा टिकवू?

तुम्ही शेवटी विचारलंय, 'प्रार्थनेला बसलं की नुसता राग येतो, म्हणजे माझा विश्वास संपला का?' आधी त्याचंच उत्तर देतो. नाही संपला. जो आहे असं वाटतच नाही, त्याच्याशी कुणी भांडत बसत नाही.

बायबलमधलं स्तोत्र ८८ काढून वाचा. गाऱ्हाण्याची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. तू माझ्या मित्रांना माझ्यापासून दूर केलंस, असं देवाला तोंडावर सुनावतं आणि अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. माझ्या वाईट दिवसांत स्वतःचे शब्द सुचत नसत, तेव्हा मी हेच मोठ्यानं वाचायचो. कधी अर्ध्यावरच पुस्तक मिटायचो. त्या दिवसाची प्रार्थना तेवढीच. येशूनं वधस्तंभावर 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' म्हटलं, तीही स्तोत्र २२ ची पहिली ओळ. तेव्हा 'का' विचारायला घाबरू नका.

दुसरं, बायबलमधल्या '१ राजे' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातला संदेष्टा एलीया. ईजबेल राणी जिवावर उठलेली, हा रानात पळून एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. त्यावर देव त्याला उपदेश करत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला हलवून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खातो, पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवून खायला लावतो. 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न त्याला बऱ्याच दिवसांनी, होरेब डोंगरावर येतो. नोकरी गेलेल्या, झोप उडालेल्या माणसानं आधी जेवावं, झोपावं. यात अविश्वास काही नाही. आणि जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल, तर आजच जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांना भेटा. नुसत्या प्रार्थनेवर भागवू नका.

'तुमचा विश्वास कमी पडतोय म्हणून हे होतंय' असं सांगणारे मंडळीतही, म्हणजे चर्चच्या लोकांतही, भेटतील. मला भेटले, आणि खरं सांगायचं तर घरच्यांच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसून होते तोवर ठीक होतं, तोंड उघडलं आणि बिघडलं. येशूचा प्रेषित पौल, त्याचंच बघा. पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीनदा जहाज फुटलं. आणि शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, काढ म्हणून देवाला तीनदा विनवूनही तो निघाला नाही, फक्त माझी कृपा तुला पुरे, एवढं उत्तर आलं. त्याचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

आता घरच्यांबद्दल. माझ्या बाप्तिस्म्यानंतर थोरल्या भावानं बोलणं टाकलं. आई फोन करायची, पण तो घरात नसताना, आणि त्याची चाहूल लागली की 'बरं, ठेवते' म्हणून मध्येच तोडायची. त्या अर्धवट फोनांवर मी वाद घातला नाही, साक्षही दिली नाही, म्हणजे माझ्या विश्वासाबद्दल सांगत बसलो नाही. तिच्या गुडघ्यांचं विचारायचो. भाऊ आजही फारसा बोलत नाही. वडिलांच्या आजारपणात मात्र त्यानंच मला कळवलं.

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्या परत नांदायला आल्या आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. तुमच्याही घरी असंच होईल, असं वचन मी देत नाही, कुणी दिलं तर घेऊही नका. पण तोडणाऱ्याच्या बाजूलाही तेवढंच दुःख असतं, हे लक्ष्मीबाईंकडे पाहिलं की कळतं. खुद्द येशूच्या भावांनी आधी त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. त्यातलाच याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा आधारस्तंभ झाला.

एक कडू गोष्टही तपासून बघा. येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावं लागलं तर लाज वाटू देऊ नका, पण दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ केल्याबद्दल सोसायची वेळ येऊ देऊ नका. घरातल्यांची श्रद्धा हिणवली गेली असेल तर तेवढ्यापुरती माफी मागा. विश्वासाबद्दल माफी मागायची गरज नाही. आणि घरात मारहाण होत असेल तर सोसत राहू नका, बाहेर पडा. देहाचं रक्षण करणं म्हणजे ख्रिस्ताला नाकारणं नव्हे. या गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा, हे त्यानंच शिष्यांना सांगितलंय.

सध्या एकट्यानं उपास आणि रात्रभर प्रार्थना वगैरे काढू नका. मंडळीतली दोन भरवशाची माणसं गाठा, जी उपदेश न करता ऐकतील, आणि तुम्हाला जमत नाही तेव्हा तुमच्या वतीनं प्रार्थना करतील. उपासनेत मागच्या बाकावर गप्प बसलात तरी चालेल. आणि नोकरी गेल्याचं पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, आडून नाही, स्पष्ट सांगा. 'माझ्यासाठी प्रार्थना करा' एवढंच म्हटलंत तर ते प्रार्थनाच करतील. कामाची गरज आहे, हेही सांगायला हवं.