'सेक्रेड गेम्स' या कादंबरीबद्दल वाचकांची मते इतकी टोकाची का आहेत?

आपला प्रश्न असा आहे की विक्रम चंद्र यांच्या 'सेक्रेड गेम्स' या मुंबईवरील इंग्रजी कादंबरीला काही वाचक डोक्यावर घेतात आणि काही जण ती अर्ध्यावरच मिटून ठेवतात, असे का व्हावे. आणि तिच्यावरून निघालेली मालिका पाहून झालेल्या माणसाने ती वाचावी का. मी ही कादंबरी मालिका येण्याच्या बऱ्याच आधी वाचली होती, नंतर पुन्हा एकदा वाचली, आणि तिच्यावरून स्नेह्यांशी पुष्कळ वादही घातला आहे. कथेचा शेवट न फोडता उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

माझ्या मते मतभेदाचे मूळ कादंबरीच्या बऱ्यावाईटपणात नसून, ती हातात घेताना वाचक तिच्याकडून काय मागतो यात आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेली ही सुमारे ९०० पानांची कादंबरी रहस्यकथेच्या वेषात येते. एक पोलीस निरीक्षक आहे, एक टोळीप्रमुख आहे, पोलादी दाराआडचे एक विचित्र घर आहे आणि पुढे शहरावर अणुबॉम्बचे सावटही आहे. हे साहित्य पाहून बसणाऱ्या वाचकाला पुढे काय होणार याची घाई असते, आणि लेखकाला मात्र मुळीच घाई नसते.

सुरुवातच पाहा. पन्ना नावाच्या नव्याकोऱ्या इमारतीच्या पाचव्या मजल्याच्या खिडकीतून फ्लफी नावाचे एक पांढरे पॉमेरेनियन कुत्रे खाली येते आणि त्या घरातल्या नवरा-बायकोचे भांडण निस्तरायला सरताज सिंग हा निरीक्षक जातो. गणेश गायतोंडे नावाचा कुख्यात गुंड कैलासपाड्यात लपला असल्याची खबर त्याला फोनवर मिळते ती यानंतर. तिथले पोलादी दार फोडायला मागवलेला बुलडोझर येईपर्यंत गायतोंडे दारावरच्या ध्वनिक्षेपकातून सरताजला आपली कहाणी सांगू लागतो आणि पोलीस आत शिरतात तेव्हा तो मेलेला असतो. त्याच्याजवळ एका स्त्रीचेही प्रेत असते. म्हणजे ज्याचा पाठलाग पुस्तकभर चालेल असे वाटावे, तो माणूस सुरुवातीलाच संपतो. आणि तरीही पुढची शेकडो पाने तोच, प्रथमपुरुषात, सरताजला उद्देशून बोलत राहतो. खुनी कोण, हा प्रश्न येथे उरतच नाही. परदेशात सुरक्षित असलेला हा माणूस मुंबईत परत का आला आणि त्या घरात स्वतःला कोंडून का बसला, एवढेच कोडे राहते. ज्यांना हे कोडे पुरेसे वाटते ते वाचक टिकतात.

सर्वाधिक तक्रार ऐकू येते ती मधल्या स्वतंत्र प्रकरणांबद्दल. मुख्य कथा थांबवून लेखक चार ठिकाणी निराळ्याच माणसांकडे वळतो. त्यांपैकी पहिल्यात सरताजच्या आईचे फाळणीच्या काळातले बालपण येते. ही आई एरवी पुण्यात राहणारी, मुलाच्या जेवणाखाण्याची चौकशी करणारी साधी बाई म्हणून आपल्यासमोर असते; तिच्या पोटात काय दडले आहे ते वाचकाला कळते, पण सरताजला कळत नाही. मला हे प्रकरण संपूर्ण पुस्तकातले सर्वांत समर्थ लेखन वाटते. गुप्तचर खात्यातील एका वृद्ध अधिकाऱ्याच्या विझत चाललेल्या स्मृतीवरचे प्रकरणही चांगले आहे. शेवटच्या दोन प्रकरणांबाबत मात्र मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने आहे, कारण कथेचे धागे जुळण्याच्या ऐन वेळी ती वाचकाला दूर नेतात आणि परत आल्यावर ताण पुन्हा उभा राहायला वेळ लागतो.

दुसरा आक्षेप गुरुजींच्या, म्हणजे गायतोंडेच्या आध्यात्मिक गुरूंच्या, भागावर आहे आणि तोही मला बराचसा पटतो. गायतोंडेच्या तोंडी टोळीचा उदय, वसुली, तुरुंग, सुलेमान इसाशी वैर हे सगळे इतके सहज येते की त्यापुढे गुरूचे तत्त्वज्ञान पुस्तकी वाटते. याउलट गायतोंडे चित्रपट काढतो तो भाग पाहा: पैसा, नटी, परदेशातले चित्रीकरण, पटकथेत स्वतःची लुडबुड, आणि एवढे करूनही तो थरारपट प्रेक्षकांना आवडत नाही तेव्हा साऱ्या मुंबईला धाक घालणाऱ्या या माणसाची झालेली तडफड. थरारकथेवरच्या प्रतिकूल मतांची इतकी मिश्कील दखल एखाद्या थरारकथेनेच घ्यावी, ही गंमत टीकाकारांच्या नजरेतून बहुधा निसटते.

स्तुती करणारे वाचक शहराबद्दल बोलतात ते खरेच आहे, पण ते फार मोघम बोलतात. माझ्या दृष्टीने या कादंबरीचे खरे बळ पोलीस ठाण्याच्या दैनंदिन हिशेबात आहे. कोणाकडून किती घ्यायचे, वर किती पोहोचवायचे, खबऱ्याला काय द्यायचे आणि एवढे करूनही स्वतःला बऱ्यापैकी सरळ माणूस कसे म्हणवून घ्यायचे, हे सरताज, त्याचे वरिष्ठ पारुळकर आणि हवालदार काटेकर यांच्या वागण्यातून उलगडत जाते. काटेकर, त्याची पत्नी शालिनी आणि त्यांची मुले यांच्या संसाराचे वर्णन वाचताना लेखकाने हे घर आतून पाहिले असावे असे वाटते. माझ्या एका स्नेह्यांचा आक्षेप होता की मुंबई पोलिसांच्या कथेत नायक शीख आणि मराठी माणूस हवालदार हे बरे नव्हे. मला तो पटला नाही. सरताजचे वडीलही याच पोलीस दलात होते. तो या शहरात उपरा नाही, फक्त गर्दीत चटकन ओळखू येतो, आणि लेखकाला तेच हवे आहे.

मालिका पाहिलेल्यांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. २०१८ साली नेटफ्लिक्सवर आलेल्या मालिकेने पहिल्याच भागात २५ दिवसांची मुदत देऊन घड्याळ चालू केले. कादंबरीत असे घड्याळ नाही आणि बॉम्बचा धागा बराच उशिरा हाती लागतो. त्यामुळे मालिकेनंतर पुस्तकाकडे आलेल्या वाचकाला ते संथ वाटणे स्वाभाविक आहे. जितेंद्र जोशी यांनी साकारलेला काटेकर ज्यांना आवडला, त्यांना मात्र कादंबरीतला काटेकर नक्की आवडेल.

तेव्हा आपल्याला दोन दिवसांत संपणारी रहस्यकथा हवी असेल, तर ही घेऊ नये. घेतलीच, तर फाळणीच्या प्रकरणापर्यंत नेटाने वाचावी. तेथे कंटाळा आला तर पुस्तक खुशाल बंद करावे, कारण पुढेही लेखक असाच रमतगमत चालणार आहे. तेथे मन गुंतले, तर शेवटच्या दोन स्वतंत्र प्रकरणांतून भराभर पुढे गेलात तरी सरताजच्या कथेचा धागा सुटणार नाही.