दशावतार मंडळांच्या कार्यकर्त्यांना आमदारांपुढे निधी मागायला कसं शिकवावं?

प्रश्नात असं आहे की सिंधुदुर्गातल्या दशावतार, चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगायची कला) आणि भजनी मंडळांच्या तीसेक कार्यकर्त्यांचं दोन दिवसांचं शिबिर घ्यायचंय. लोकप्रतिनिधींकडे कलेसाठी सरकारी पैसा कसा मागावा, हे त्यांना शिकवायचंय. त्यासाठी मुंबईहून कोणता वक्ता बोलवावा?

वक्त्याचं नंतर बघू. आपल्याकडे एक वाद वर्षानुवर्षं चाललाय, आधी तो. कलाकाराने स्वतः मागायचं, की त्याच्या वतीने कोणी चार बुकं शिकलेल्या अध्यक्षाने? माझं मत पक्कं आहे. ज्याच्या तोंडाला रंग लागतो त्यानेच मागायचं. शिबिर अध्यक्षांसाठी असेल तर घेऊच नका.

एका शिष्टमंडळाची भेट जवळून पाहिली आहे, तेवढी सांगतो, कारण सगळ्या चुका तिच्यात एकत्र सापडतात. सरकारी विश्रामगृह, सकाळची वेळ, माणसं बावीस. हातात चार पानांचं निवेदन. पहिली तीन पानं दशावताराची थोरवी: आडदशावतार, संकासुर, अलिखित संवाद, कोकणची शान. शेवटच्या पानावर शेवटची ओळ, 'तरी शासनाने भरीव मदत करावी ही नम्र विनंती'. अध्यक्ष अकरा मिनिटं बोलले, त्यातली सात आमदारांच्या कौतुकात गेली. आमदार म्हणाले, नक्की करू. मग शाल, श्रीफळ, फोटो. रात्रभर दहीकाला, म्हणजे जत्रेतला दशावताराचा प्रयोग, करून तसाच आलेला एक स्त्रीपार्टी (बाईची भूमिका करणारा नट) मागे भिंतीला टेकून उभा होता. डोळ्यांच्या कडांना काजळ अजून होतं. त्याला कोणी पुढे बोलावलं नाही.

आता त्या कागदाचं काय झालं ते बघा. स्वीय सहायकाने त्यावर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' लिहून जिल्हाधिकारी कार्यालयात पाठवला. तिथून तो सांस्कृतिक कार्य संचालनालयात गेला. पाच महिन्यांनी उत्तर आलं, 'प्रचलित योजनेनुसार विहित नमुन्यात अर्ज करावा'. यात कोणाचाही वाईटपणा नव्हता. 'भरीव' या शब्दावर कुठल्याच टेबलावर टिपणी लिहिता येत नाही. किती, कोणाला, कुठल्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पात खर्च ज्या सदराखाली दाखवतात ते), कोणत्या वर्षी, यातलं काहीच कागदात नसेल तर कक्ष अधिकारी त्यावर दुसरं काय लिहिणार?

म्हणून शिबिराचा पहिला अर्धा दिवस कुठला पैसा कुठल्या खिशातला, यावरच घाला. खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा, पण तो टिकाऊ सार्वजनिक वास्तूंसाठी. आमदार निधीचंही तेच. त्यातून रंगमंच होईल, सभागृह होईल, तेही जागा कोणाच्या नावावर आहे ते बघून. बिदागी, मानधन, गाडीभाडं त्यातून निघत नाही. जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा जिल्हा नियोजन समितीत ठरतो. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. तिथे आधीपासून असलेल्या योजनांनाच पैसा सहज मिळतो. नव्या गोष्टीला 'नाविन्यपूर्ण योजना' म्हणून थोडा वाव असतो. लोककला पथकांचं भांडवली आणि प्रयोग अनुदान राज्याचं, संचालनालयामार्फत. त्याचं मुख्य लेखाशीर्ष २२०५, कला व संस्कृती. हा आकडा प्रत्येकाला पाठ पाहिजे. ज्येष्ठ कलाकारांचं मानधन ही आणखी वेगळी गोष्ट. २०२४ पासून ते सरसकट दरमहा ५,००० रुपये झालं, पण ते व्यक्तीला मिळतं, मंडळाला नाही. चुकीच्या खिशात हात घातला की एक वर्ष फुकट जातं.

त्यानंतरचा अर्धा दिवस एका नाईटचा, म्हणजे एका रात्रीच्या प्रयोगाचा, हिशेब. माझ्या मते शिबिरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. प्रत्येक मंडळाने कोऱ्या कागदावर काल रात्रीचा खर्च लिहायचा. नमुना म्हणून धरा: पंधरा माणसं, माणशी सरासरी मानधन ८०० रुपये, म्हणजे १२,०००. गाडी आणि डिझेल ३,५००. रंग, केस, पिना, कपड्यांची धुलाई आणि झीज १,०००. पायपेटी, मृदंग, झांजांची देखभाल ५००. एकूण १७,०००. बिदागी मिळाली १५,५००. तूट १,५००. हंगामात १२० नाईटी धरल्या तर मंडळामागे १,८०,०००. अशी चाळीस मंडळं असतील तर ७२ लाख. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. तुमचे आकडे तुम्ही काढा आणि खरे काढा. पण ७२ लाख म्हटल्यावर समोरचा माणूस पेन उचलतो. संस्कृती वाचवा म्हटल्यावर शाल मागवतो.

हिशेबात एक ओळ हमखास सुटते. ती तूट आज कोण भरतो? बहुतेक ठिकाणी मंडळाचा मालक, आंबा-काजूच्या पैशातून. हे लिहायला लोक लाजतात. लिहायला लावा. आमदारांना सगळ्यात आधी पटतं ते हेच, कारण त्यांच्याही घरची कलमं असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद. एकच पान. विषय, मागणीचं एक वाक्य, रक्कम, लेखाशीर्ष, लाभ मिळणाऱ्या मंडळांची संख्या, आणि आमदारांनी नेमकं काय करायचं ते: मंत्र्यांना पत्र, प्रश्न की बैठक. इतिहास नको. दशावतार काय असतो हे सिंधुदुर्गातल्या आमदाराला सांगायची गरज नाही, तो जत्रेत बसून मोठा झालाय. मंडळांची यादी मागे जोडा, गाव आणि तालुक्यासकट. आमदारांच्या पत्राचा मसुदा स्वतः तयार करून न्या आणि त्याची युनिकोडमधली फाइल स्वीय सहायकाच्या फोनवर पाठवा. जुन्या फॉन्टमधली किंवा फोटो काढलेली फाइल त्याला परत टाइप करावी लागते. त्याला वेळ नसतो, मग पत्र राहून जातं. निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि पत्र निघाल्यावर जावक क्रमांक, हे दोन घेतल्याशिवाय पाठपुरावा करता येत नाही.

जेवणानंतर भेटीची तालीम. तिघंच जायचं: एक कलाकार, एक हिशेब सांगणारा आणि एक त्या मतदारसंघातल्या मोठ्या गावचा माणूस. वेळ सात मिनिटं. शिबिरातलाच एकजण आमदार होईल. तो मधेच फोन घेईल, दुसऱ्याशी बोलेल, 'गोव्यात काय देतात हो?' विचारेल. आणि शेवटी एक गोष्ट नक्की म्हणेल: 'माझ्या निधीतून तुम्हाला स्टेज बांधून देतो.' इथेच मंडळं घसरतात. आनंदाने टाळ्या वाजवून बाहेर येतात आणि मूळ मागणी तिथेच संपते. याचं उत्तर तोंडपाठ करून घ्या: 'साहेब, रंगमंच झाला तर उत्तमच. पण आमची मागणी प्रयोगाच्या खर्चाची आहे, ती तुमच्या निधीतून होत नाही. म्हणून मंत्र्यांना पत्र हवंय, मसुदा आणलाय.' हे दहा वेळा म्हणून घ्या, न अडखळता येईपर्यंत. गोव्याची तुलना करायची तर तिथल्या योजनेचा कागद हातात असेल तरच, नाहीतर विषय काढू नका.

कलाकाराला मालवणीतच बोलू द्या. 'आमचो मृदंग फाटलो तर त्या रातची बिदागी तेच्यातच जाता,' या एका वाक्यात जे आहे ते अध्यक्षांच्या अकरा मिनिटांत नव्हतं. कागद प्रमाण मराठीत, बोलणं आपल्या भाषेत. जो माणूस संहितेशिवाय पहाटेपर्यंत रावणाचे संवाद रचतो त्याला सात मिनिटं बोलता येणार नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आयुष्यात एकही नाटक मन लावून पाहिलेलं नाही. 'कलाकाराने हात पसरू नये' हे वाक्य मी खूप ऐकलंय. ते म्हणणाऱ्या बहुतेकांना स्वतः पुढे उभं राहायचं असतं. अर्थसंकल्पातला पैसा लोकांचा आहे, त्याचा हिशेब मागणं म्हणजे हात पसरणं नव्हे.

आता दोन गोष्टी, ज्या शिबिरात कोणीच सांगत नाही.

एक, वेळ. खात्याचे पुढच्या वर्षाचे अंदाज दिवाळीच्या आगेमागे तयार होतात. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला, जिल्ह्याचा आराखडा जानेवारीच्या आसपास, अर्थसंकल्प मार्चमध्ये. आणि आपला हंगाम? कार्तिकात सुरू होतो तो पाऊस जवळ येईपर्यंत. म्हणजे पैसा ठरतो तेव्हा मंडळं पेटारे घेऊन रोज वेगळ्या गावी. माझ्या मते आपल्या मागण्या मागे पडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, उपेक्षा वगैरे नंतर. तेव्हा आषाढ-श्रावणात शिबिर, भाद्रपदात भेटी (गणपतीत प्रत्येक आमदार गावोगाव फिरतोच) आणि आश्विनात कागद खात्यात. हंगाम सुरू झाल्यावर पाठपुराव्याला घरी असलेला एक माणूस नेमा, शक्यतो निवृत्त शिक्षक किंवा तलाठी, ज्याला टपाल कळतं.

दोन, डोकी. विधानसभेत २८८ सदस्य. त्यात सिंधुदुर्गाचे ३ आणि रत्नागिरीचे ५. आठ जणांनी मिळून ओरडलं तरी आवाज तेवढाच. पण लोककला पथकांच्या अनुदानात दशावताराबरोबर तमाशा, खडीगंमत आणि शाहिरीही आहे. तमाशाचे फड पश्चिम महाराष्ट्रात, खडीगंमत विदर्भात. त्यांच्या संघटनांशी बोलून मागणीचं वाक्य एकच ठेवलंत तर तेच वाक्य चार विभागांतले आमदार मांडतील. इथे 'आमची कला त्यांच्या बरोबरीची कशी?' असा सूर निघतो. तो शिबिरातच थांबवा.

प्रश्न विचारायला आमदार तयार असेल तर तारांकित प्रश्नाचा (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) मजकूरही तुम्हीच द्या. 'शासन दशावतार जगवणार आहे काय' असं विचारलं की 'होय' एवढं उत्तर येतं. विचारायचं ते असं: गेल्या तीन वर्षांत या योजनेत तरतूद किती, प्रत्यक्ष खर्च किती, अखर्चित किती, सिंधुदुर्गातली किती मंडळं पात्र ठरली, उरलेली कोणत्या कारणाने अपात्र. हेच आकडे आधी माहितीच्या अधिकारात मागवा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. अखर्चित रक्कम सापडली तर नवीन पैसा मागण्याआधी तीच मागा, ते जास्त सोपं.

काही गोष्टी वर राहिल्या. हे सगळं मी दशावतार डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. रत्नागिरीकडच्या नमन-खेळे आणि जाखडीला हे जसंच्या तसं लागू नाही. तिथली बरीच माणसं मुंबईत नोकरीला, शिमग्याला आणि गणपतीला येतात, नाईटचा हिशेबच वेगळा. चित्रकथीचं तर आणखी निराळं. पिंगुळीच्या परशुराम गंगावणेंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, सगळ्यांना आनंद झाला, पण पुरस्कारावर पोथ्यांची नवी पानं रंगवायचा कागद येत नाही. त्यांची मागणी शिकणाऱ्या मुलांच्या विद्यावेतनाची असायला हवी, प्रयोगांची नव्हे. भजनी मंडळं याच कागदात कोंबू नका, त्यांच्यासाठी वेगळं पान करा.

मंडळ मालकीचं असेल आणि संस्थेचं अनुदान हवं असेल तर आधी धर्मादाय कार्यालयात नोंदणी, संस्थेच्या नावाचं बँक खातं आणि लेखापरीक्षण लागेल. मालकाच्या खात्यावर संस्थेचे पैसे येत नाहीत. आधी मिळालेल्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामाला खर्च केल्याचा दाखला) दिलं नसेल तर दुसरा हप्ता अडतो, आणि मग आमदाराचं पत्रही कामाला येत नाही. आचारसंहिता लागली की सगळं थांबतं, म्हणून निवडणुकीचं वर्ष असेल तर महिनाभर आधी सुरुवात करा. आणि कुठल्याही एका पक्षाच्या बॅनरखाली शिबिर घेऊ नका. आज सोय होते, पुढच्या पाच वर्षांत दार बंद होतं.

वक्त्याचं म्हणाल तर मुंबईहून कोणी नको. आमदार कार्यालयात काम केलेला एखादा निवृत्त स्वीय सहायक आणि जिल्हा नियोजन कार्यालयातला निवृत्त कारकून, हे दोघं मिळाले तर बाकी कोणाची गरज नाही. पहिल्याला विचारा, कुठला कागद तो आमदारांच्या हातात द्यायचा आणि कुठला कपाटात ठेवायचा. तारीख नारळी पौर्णिमेनंतरची धरा. गणपतीच्या तयारीआधी आठवडाभर माणसं मोकळी असतात. पण शेतीची कामं बघून गावागावांत एकदा विचारून घ्या, आणि नाव नोंदवताना प्रत्येक मंडळाकडून पदाधिकारी एकच आणि कलाकार दोन, असं आधीच कळवा.