करारभंगाच्या केससाठी वकील कसा निवडावा? नात्यातल्या वकिलाला केस द्यावी का?

तुमच्या प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. लेखी ऑर्डर समोरच्याने मध्येच रद्द केली, साडेचार लाख अडकलेत, वकील कसा शोधावा, फी किती द्यावी, इथपर्यंत ठीक. पण पुढे तुम्ही विचारलंय, ‘सख्खे काका वकील आहेत, फी न घेता करतो म्हणतात, त्यांनाच देऊ का?’

देऊ नका. का ते सांगतो.

माझं भोसरीला पत्र्याच्या कामाचं छोटं वर्कशॉप आहे. २०१६ मध्ये एका कंपनीची २४० पॅनेल बॉक्सची लेखी ऑर्डर आली, नग ४,२०० रुपये, ६० दिवसांची उधारी. १५० बॉक्स जूनपर्यंत पोचवले. त्यातले अडीच लाख आले, ३ लाख ८० हजार राहिले. सप्टेंबरमध्ये ईमेल आला की प्रोजेक्ट थांबलाय, उरलेले ९० पाठवू नका. ते ९० तयार होते. पावडर कोटिंग होऊन, त्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे कटआउट मारून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भिंतीला लावलेले. दुसऱ्या कुणाच्या कामाचे नाहीत.

मी वकील शोधायला निघालो तेव्हा दादा म्हणाला, “घरची गंगा सोडून टँकर कशाला मागवतोस? मामा आहेत की.” मामा म्हणजे वहिनीचे सख्खे मामा. वकिलीत तीस वर्षं, पण सगळी जमिनीची कामं. वाटणी, फेरफार, तहसीलदारापुढची अपिलं. त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, हे मी आजही म्हणतो. माझी फाईल त्यांनी ठेवून घेतली आणि फीचं नाव काढल्यावर रागावले.

पुढच्या पावणेतीन वर्षांत तीन नोटिसा गेल्या. तिन्हींचा मजकूर तोच, फक्त तारीख बदललेली. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, “बघतो रे, तारीख लागली की कळवतो.” वहिनीच्या माहेरचा माणूस, एक पैसा न घेता काम करतोय, त्याला कोणत्या तोंडाने विचारणार की नक्की काय चाललंय? पुतण्याच्या मुंजीत जेवणाच्या पंगतीत एकदा विषय काढला, तर दादाने मला बाजूला घेऊन झापलं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्री वर्कशॉप बंद करताना मोबाईलवर ई-कोर्ट्सची, म्हणजे कोर्टातल्या केसेस शोधायची सरकारी साइट उघडली. पुणे जिल्हा निवडला, पक्षकाराच्या नावाच्या जागी माझ्या फर्मचं नाव टाकलं, मग समोरच्या कंपनीचं. एकही नोंद आली नाही. दावा दाखलच झालेला नव्हता. माझ्याकडून वकीलपत्रावर सही घेतलेली नाही, हेही तेव्हा ध्यानात आलं. तारीख लागणार कशाची?

दुसऱ्या आठवड्यात शिवाजीनगर कोर्टातल्या एका वकीलबाईंकडे गेलो. ओळख नव्हती, शेजारच्या गाळेवाल्याची वसुली त्यांनी केली होती एवढंच. त्यांनी माझी कहाणी दोन मिनिटांत थांबवली आणि कोरा कागद पुढे ओढला. त्यावर आडवी रेघ मारली आणि विचारलं, माल पोचवल्याचं शेवटचं चलन कधीचं, उधारी किती दिवसांची, रद्द केल्याचा ईमेल कधीचा. एकेक तारीख रेघेवर मांडत गेल्या. मग पेन टेबलावर ठेवून म्हणाल्या, “दावा लावायच्या दोन्ही मुदती गेल्यात. एक ऑगस्टला, एक सप्टेंबरला.”

मी म्हटलं, तीन नोटिसा दिल्यात की. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते तुम्ही लिहून ठेवा. नुसत्या नोटिशीने मुदत थांबत नाही. करारभंगाच्या दाव्याला करार मोडल्यापासून तीन वर्षं, उधारीवर दिलेल्या मालाच्या पैशाला उधारीचे दिवस संपल्यापासून तीन वर्षं. दहा नोटिसा पाठवल्या तरी तीनच.

त्यांनी सगळी कागदं मागितली. ती मामांकडून वहिनीच्या हाती एका दुकानाच्या पिशवीतून आली, दोन चलनं गायबच. (मूळ कागद कुणालाही देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ फक्त दाखवायला न्या. आणि फी थकली म्हणून वकील फाईल अडवून धरत असेल तर तसा त्याला हक्क नाही, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय.)

वाचवलं ते माझ्या सीएच्या फाईलमधल्या एका कागदाने. बॅलन्स कन्फर्मेशन. वर्षअखेरीला अकाउंटवाले एकमेकांना पाठवतात तेच. ‘३१ मार्च २०१८ रोजी आपले ३,८०,००० रुपये देणे आहे’, खाली कंपनीचा शिक्का, सही, तारीख एप्रिल २०१८. मुदत चालू असताना लेखी देणं कबूल केलं की त्या सहीपासून नवी तीन वर्षं मोजतात, मुदतीच्या कायद्याचं कलम १८. मामांना मी हा कागद दाखवला नव्हता, कारण त्यांनी कधी विचारलंच नाही.

९० बॉक्सची नुकसानभरपाई मात्र गेली ती गेलीच. भंगारात वजनावर घातले, ४५ हजारांच्या आसपास आले. हिशोब तुम्हीच करा, त्या फुकटच्या वकिलीची फी तीन लाखांच्या वर पडली.

बाईंची फी ३० हजार, तीन टप्प्यांत, लेटरहेडवर लिहून. मी म्हटलं वसुलीतले टक्के घ्या, तर सरळ नाही म्हणाल्या, वकिलांवर देखरेख करणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही. टक्केवारीवर केस घेतो म्हणणारा भेटला तर तिथूनच परत फिरा. मी उद्योग आधार, म्हणजे लघुउद्योगाची तेव्हाची सरकारी नोंदणी, त्या पुरवठ्यानंतर काढलेला, म्हणून लघुउद्योगांची थकलेली बिलं वसूल करून देणाऱ्या सरकारी परिषदेचा रस्ता त्यांनी सोडून दिला. (तुमची नोंदणी आधीची असेल तर हे जरूर विचारा, तिथे व्याज चक्रवाढ आणि रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट मिळतं.) दाव्याआधीच्या मध्यस्थीचा अर्ज केला. तीन लाखांच्या वरचा व्यापारी वाद असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर ही मध्यस्थी आता टाळताच येत नाही, थेट दावा लावला तर फेटाळला जातो. तिथल्या तडजोडीला लवादाच्या, म्हणजे कोर्टाबाहेर नेमलेल्या पंचाच्या, निवाड्याचं वजन असतं आणि मध्यस्थीत गेलेले दिवस मुदतीत धरत नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये ३ लाख ४० हजारांवर मिटलं, चार हप्त्यांत. शेवटचा हप्ता लॉकडाऊनमुळे लांबला, पण आला.

दादा अजूनही म्हणतो, मामांनी एक पैसा घेतला नाही आणि तू त्यांचं नाव खराब करतोस. दादा, एक पैसा घेतला असता तर मला विचारता आलं असतं. माझं म्हणणं तेवढंच होतं आणि आहे. पैसे मोजलेल्या वकिलाला मी सोमवारी फोन करून विचारू शकतो, दावा नोंदवला का, सीएनआर नंबर द्या (प्रत्येक केसला मिळणारा, ई-कोर्ट्सवर केस शोधायचा नंबर). मामांना विचारलं की घरात चार दिवस अबोला.

तर निवडायचा कसा? ओळखीचा नको, त्याच प्रकारची कामं त्याच कोर्टात करणारा हवा. पहिल्या भेटीत तो तारखा विचारतो का बघा. तुमची बाजू कुठे लंगडी आहे हे तोंडावर सांगतो का बघा. ‘शंभर टक्के जिंकू’ म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. फी टप्प्यांत आणि लेखी. वकिलाने काम बिघडवलं तर ग्राहक आयोगात जाता येत नाही, सुप्रीम कोर्टाच्या २०२४ च्या निकालाने ते दार बंद झालंय, त्यामुळे जी काय पारख करायची ती आधीच. फीचा आकडा मी सांगत नाही, माझा २०१९ चा, पुण्यातला आहे. तीन जणांना विचारा.

एक राहिलं. ऑर्डरच्या मागच्या बारीक अक्षरांत लवादाचं कलम असेल तर रस्ताच वेगळा, कोर्ट तुम्हाला तिकडेच पाठवेल. मी वकील नाही, माझ्यावर बेतलं तेवढं लिहिलं. आणि काका रोज याच कामात असतील, फीही घेणार असतील, तर माझा विरोध नाही.

ऑर्डर कधी रद्द झाली ते तुम्ही लिहिलेलं नाही. अडीच वर्षं उलटून गेली असतील तर शोधाशोध करत बसू नका. उद्याच जा, काकांकडे जावं लागलं तरी जा.