रिव्हर्सला तुटणारं क्राऊन-पिनियन आणि इतर प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं फोर बाय फोर पिकअपच्या पुढच्या डिफरन्शियलबद्दल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या गोळ्याबद्दल आहेत. त्यातलं मोठं दातेरी चक्र म्हणजे क्राऊन, आणि त्याला फिरवणारं लहान ते पिनियन. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्या निम्म्या पत्रांचं मूळ त्यातच आहे.

प्रश्न : वरुड तालुक्यात संत्र्याची बाग आहे. अंबिया बहाराचा माल काढताना पन्नासेक कॅरेट भरलेली पिकअप नाल्याच्या उतारात फसली. फोर लो (चारही चाकांना ताकद, कमी वेग) टाकून रिव्हर्सनं वर घेत होतो. चाकं गाऱ्यात फिरली आणि एकदम ‘कडाक’ झालं. पुढच्या क्राऊनचे चार दात गेले. मेकॅनिक म्हणतो, पार्टच हलका आहे. आजवर पुढच्या गिअरमध्ये गाडी कितीदा काढली, मग रिव्हर्सलाच का तुटलं?

उत्तर : पार्ट हलका आहे हे अर्धंच खरं. पुढचं डिफरन्शियल मागच्यापेक्षा लहान असतं, कारण ते कायम ओढण्यासाठी नसून मदतीसाठी दिलेलं असतं. पण तुमचे दात तुटायला तीन गोष्टी एकाच क्षणी जुळून आल्या.

पहिली गोष्ट दाताची बाजू. क्राऊन-पिनियनच्या प्रत्येक दाताला दोन अंगं असतात. गाडी पुढे ओढताना एक अंग दाबलं जातं, रिव्हर्सला दुसरं. व्ही-क्रॉस, हायलक्ससारख्या पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या बऱ्याच पिकअपमध्ये दातांचं मजबूत अंग पुढे जाण्यासाठी ठेवलेलं असतं. रिव्हर्सला जोर कमकुवत अंगावर येतो. टेल पिनियनचा रेटाही उलटतो आणि बाहेरच्या, म्हणजे लहान बेअरिंगवर पडतो. बेअरिंग थोडं जरी ढिलं असलं तरी पिनियन जागेवरून सरकतं आणि पूर्ण दाताऐवजी दाताच्या कडेवर भार येतो.

दुसरी गोष्ट वजन. चढावर रिव्हर्स घेताना गाडीचं तोंड खाली असतं, म्हणून वजन पुढच्या चाकांकडे सरकतं. मागची चाकं हलकी होऊन फिरतात. फोर लोमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात, पण ताकद निम्मी-निम्मी वाटली जाते हा समज चुकीचा आहे. जिथे पकड, तिथे ताकद. हिशेबासाठी इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३०० न्यूटन-मीटर, रिव्हर्स गिअर ४ पट आणि लो रेंज २.५ पट धरा. ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद देणाऱ्या पेटीतून, ३,००० न्यूटन-मीटर बाहेर पडतात. मागची चाकं चिखलात फिरत असतील तर त्यातला मोठा हिस्सा एकट्या पुढच्या पिनियनवर येतो.

तिसरी गोष्ट, आणि तुमच्या बाबतीत हीच निर्णायक, म्हणजे झटका. चाक गाऱ्यात जोरात फिरत असताना खालचा मुरूम किंवा दगड लागला की ते एकाएकी थांबतं. इंजिन, गिअर आणि शाफ्ट यांच्या फिरण्यात साठलेली सगळी शक्ती त्या एका क्षणात दातांवर आदळते. एकसारख्या जोरानं दात सहसा तुटत नाहीत, असल्या हिसक्यानं तुटतात.

म्हणून चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. क्लच दाबून रेस देऊन हिसका मारणं तर पूर्ण बंद. माल उतरवा, पन्नास कॅरेट म्हणजे साधारण टनभर ओझं. टायरची हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा, आणि डांबरीला लागण्याआधी ती परत भरता येईल असा पंप गाडीत ठेवा. चाकांपुढचा चिखल फावड्यानं काढून पऱ्हाटी किंवा तुराटीच्या पेंढ्या आडव्या घाला. रिव्हर्स घ्यावाच लागला तर फोर लो, स्टिअरिंग सरळ आणि इंजिन आयडलच्या थोडं वर, बस. चाकं उड्या मारू लागली तर त्याच क्षणी थांबा. त्यापेक्षा मागून ट्रॅक्टर लावून सरळ रेषेत ओढून घेणं केव्हाही स्वस्त पडतं. दोर चेसिसच्या हुकलाच बांधा, एक्सलला किंवा बंपरला नाही, आणि ओढताना दोराच्या आसपास माणूस उभा राहू देऊ नका.

आता दुरुस्तीत फक्त क्राऊन बदलू नका. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांशी घासून जोडी म्हणूनच तयार होतात. एक जुनं, एक नवं चालत नाही. तुटलेल्या दातांचा चुरा बेअरिंगांत गेलेला असतो, म्हणून बेअरिंगंही सगळी नवी घ्या.

प्रश्न : दारव्हा तालुका. मागचे दोन टायर नवे टाकले, पुढचे जुनेच आहेत. पांदणीतून निघून गावातल्या सिमेंट रस्त्यानं घरी आलो तर फोर हायचा (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) लिव्हर निघेना. वळताना गाडी अडखळते.

उत्तर : आधी लिव्हर काढून घ्या. गाडी सरळ ठेवून तीन-चार मीटर सावकाश रिव्हर्स घ्या, साचलेला पीळ सुटतो आणि लिव्हर निघतो. हातोडी किंवा पाइप लावून ओढू नका.

तुमच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. काळ्या मातीत हा फरक चाकं घसरून निघून जातो. सिमेंटवर, डांबरीवर चाक घसरत नाही, म्हणून पीळ शाफ्ट, ट्रान्सफर केस आणि दोन्ही क्राऊन-पिनियनवर साचत जातो. झिजलेल्या पुढच्या आणि नव्या मागच्या टायरनं तर तो सरळ रस्त्यावरही साचतो. पुढे लहान, मागे मोठे असे घेर असतील तर दर फेऱ्याला फरक पडतच राहतो.

घेर मोजायला टेप गुंडाळू नका. चारही टायरमध्ये सारखी हवा भरा, टायरला आणि जमिनीला खडूनं खूण करा, गाडी सरळ ढकलून चाकाचे बरोबर पाच फेरे होऊ द्या आणि अंतर मोजा. पुढच्या-मागच्यात एक टक्क्याहून जास्त फरक आला तर टायर चारही एकदम बदला. पांदण संपली, कडक रस्ता लागला की लगेच टू हाय (फक्त मागच्या चाकांना ताकद), याला सूट नाही.

प्रश्न : पवनीकडच्या धानपट्ट्यात गाडी चालते. पावसाळ्यात नाले ओलांडावे लागतात. परवा पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल काढलं तर चहासारखं दुधाळ निघालं. सील तर मागच्याच वर्षी नवं टाकलं होतं.

उत्तर : सीलकडे जाण्याआधी ब्रीदर बघा. डिफरन्शियलच्या वरच्या अंगाला बारीक टोपी किंवा नळी असते, तिथून आतली हवा ये-जा करते. तापलेलं डिफरन्शियल थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आक्रसते आणि बाहेरचं ओढून घेते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर त्यातून, चिखलानं बुजलेला असेल तर सीलच्या ओठातून पाणी आत जातं. बुजलेल्या ब्रीदरमुळे उलटंही होतं. गाडी तापली की आतला दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो, मालक सीलवर सील बदलत राहतो आणि गळती थांबत नाही.

ब्रीदरला ऑइल सोसणारी रबरी नळी लावून ती इंजिनच्या खोलीत बॅटरीच्या उंचीपर्यंत वर न्या. तोंड खाली वळवा आणि त्यावर लहान फिल्टर बसवा. नळी सैल ठेवा, कुठे दुमडू देऊ नका. पाण्यात उतरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं गाडी थांबवून डिफरन्शियल थंड होऊ द्या. आणि रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नका. तिथे प्रश्न डिफरन्शियलचा उरत नाही.

दुधाळ ऑइलवर गाडी एक दिवसही चालवू नका. ऑइलचा थर तुटतो आणि बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात. काही महिन्यांनी जो घरघराट सुरू होतो तो त्यांचाच. बदलताना आधी फिलरचा बोल्ट सुटतो का ते बघा. तो सुटल्याशिवाय ड्रेनचा खोलू नका, नाहीतर गाडी रिकाम्या डिफरन्शियलनं अडकून पडेल. गाडी सपाट जागी उभी करा, ऑइल कोमट असू द्या. सगळं निथळलं की नवं ऑइल फिलरच्या काठातून ओघळेपर्यंत भरा. पुढच्यात सहसा एक ते दीड लिटर बसतं. वीस-तीस किलोमीटर चालवून तेही काढून टाका आणि पुन्हा भरा, म्हणजे तीन लिटर आणून ठेवा. डिझेलनं धुऊ नका. आत राहिलेलं डिझेल नवं ऑइल पातळ करतं. बोल्टचे वॉशर नवे घाला.

दुकानात नुसतं ‘नव्वद नंबर’ मागू नका. त्या नावानं जीएल-४ दर्जाचं ऑइलही मिळतं. डिफरन्शियलला जीएल-५ लागतं. ८० डब्ल्यू ९० की ७५ डब्ल्यू ९० हे गाडीच्या पुस्तिकेत पाहा. उरलेलं जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ओतू नका, जीएल-४ मागणाऱ्या गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना ते मानवत नाही.

ड्रेन बोल्टला सहसा चुंबक असतो. त्यावर राखाडी मऊ लेप दिसला तर चिंता नाही. बोटाला टोचणारे कण किंवा पापुद्रे दिसले तर डिफरन्शियल उघडायची वेळ आली.

प्रश्न : एटापल्ली. वळताना पुढून ‘टक टक टक’ येतं. डिफरन्शियल गेलं का?

उत्तर : नाही, हा सीव्ही जॉइंट आहे, म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवत ठेवणारा शाफ्टचा सांधा. चाकाच्या आतल्या बाजूचं रबरी बूट बघा, फाटलेलं असेल. तुरीची, पऱ्हाटीची धसकटं उभी असलेल्या वावरातून गाडी नेली की बूट हमखास चिरतं. आधी ग्रीस उडून जातं, मग वाळू आत शिरते. आवाज यायच्या आधी चीर सापडली तर नवं बूट, किटमधलं सगळं ग्रीस आणि नवे क्लिप एवढ्यावर भागतं. आवाज सुरू झाल्यावर जॉइंटच बदलावा लागतो. तात्पुरता शाफ्ट काढून टाकून गाडी चालवू नका. अनेक गाड्यांत बाहेरच्या जॉइंटचा दांडाच हबचं बेअरिंग आवळून धरतो.

प्रश्न : मेहकर तालुका. पुढचं क्राऊन-पिनियन नवं बसवलं. पहिल्या दिवसापासून फोर हायमध्ये चाळीसच्या पुढे शिट्टीसारखा आवाज यायचा. मेकॅनिक म्हणाला, बसेल हळूहळू. पाच महिन्यांत पुन्हा दात गेले.

उत्तर : चुकीचं बसवलेलं क्राऊन-पिनियन आपोआप ‘बसत’ नाही. आवाज फक्त फोर हायमध्ये असेल तर तो क्राऊन-पिनियनचाच. एका बाजूचा एक्सल सुटणाऱ्या गाड्यांत टू हायला क्राऊन उभं राहतं, पण आतले स्टार, म्हणजे लहान गिअर, मात्र फिरत असतात. म्हणून टू हायला येणारा आवाज स्टार, हब किंवा एक्सलच्या बेअरिंगमध्ये शोधायचा.

या वेळी काम देण्याआधी मेकॅनिकला विचारा : डायल गेज (बारीक अंतर मोजणारं घड्याळ) आहे का आणि मार्किंग पेस्टनं छाप बघता का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘हातानं कळतं’ असं आलं तर काम दुसरीकडे न्या. हातानं कळत नाही. दातांमधली मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, बहुतेक अशा डिफरन्शियलमध्ये ०.१३ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतला घ्यायचा, आणि क्राऊनवर तीन-चार ठिकाणी मोजायचा.

मग छाप. दातांना पेस्ट लावून, क्राऊनला थोडा अडथळा ठेवून पिनियन दोन्ही दिशांनी फिरवायचं. छाप दाताच्या मधोमध हवा. दाताच्या वरच्या कडेला आला तर पिनियन क्राऊनपासून दूर आहे, शिम (पातळ चकत्या) वाढवून आत घ्या. मुळाशी आला तर फार आत गेलं आहे, शिम कमी करा. आतल्या अरुंद टोकाकडे आला तर क्राऊन पिनियनपासून दूर सरकवा, बाहेरच्या रुंद टोकाकडे आला तर जवळ आणा. रिव्हर्सचं अंगही असंच बघायला सांगा. बहुतेक ठिकाणी ते बघितलंच जात नाही.

पिनियनचा नट इम्पॅक्ट गननं आवळणं हे दुसरं नेहमीचं कारण. त्या नटाखाली चेपून बसणारी कॉलर असते, तिच्यामुळे बेअरिंगला मोजका ताण मिळतो. कॉलर जास्त चेपली गेली तर नट ढिला करून ती परत येत नाही, नवीच घालावी लागते. जुनी कॉलर पुन्हा वापरली तर नट काही दिवसांत सैल होतो, आणि पहिल्या उत्तरात लिहिलेलं पिनियनचं सरकणं सुरू होतं.

नवी जोडी बसली की पहिला फेरा वीस मिनिटांचा, कच्च्या सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीचा. नंतर पूर्ण थंड होऊ द्या. पहिले ८०० किलोमीटर ट्रॉली ओढू नका, जड माल भरू नका; ते झाले की ऑइल बदला.

प्रश्न : आर्वी. गाडी तीन इंच उंच करून मोठे टायर टाकायचे आहेत. पुढच्या भागावर काय परिणाम होईल?

उत्तर : मालवाहू गाडीसाठी आम्ही हे सुचवणार नाही. डिफरन्शियल चेसिसला पक्कं असतं, त्यामुळे गाडी उचलली की सीव्ही शाफ्टचा कोन वाढतो, बूट लवकर फाटतात आणि पूर्ण वळवलेल्या चाकावर जॉइंट तुटतो. टायर मोठे झाले की त्याच ओढीसाठी दातांवर भार वाढतो. खालच्या दगडांची भीती असेल तर लोखंडी स्किड प्लेट बसवा आणि तिच्यावर साचणारा चिखल दर आठवड्याला धुवा. डिफरन्शियलचे रबरी बुश फाटलेले असतील तर आधी ते बदला. सैल बुशमुळे सगळा गोळा उड्या मारतो.

प्रश्न : भंगारातून त्याच मॉडेलचं पुढचं डिफरन्शियल स्वस्तात मिळतंय. घ्यावं का?

उत्तर : क्राऊन आणि पिनियनच्या दातांचं गुणोत्तर जुळलं तरच. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या गाड्यांत ते वेगळं असू शकतं. ४१ आणि १० दात म्हणजे ४.१०, ४३ आणि ११ म्हणजे ३.९१. पुढे एक आणि मागे दुसरं बसलं तर फोर हाय लावताच जवळजवळ पाच टक्क्यांचा पीळ पडतो, आणि काही किलोमीटरात काहीतरी फुटतं. उघडून दात मोजता आले तर उत्तम. नाहीतर एका बाजूचा एक्सल घट्ट धरा, दुसऱ्या बाजूचा बरोबर दोन फेरे फिरवा आणि पिनियन किती फेरे फिरतं ते मोजा; तेच गुणोत्तर. एका बाजूचा एक्सल सुटणारी जात असेल तर तो आधी जोडून घ्या, नाहीतर पिनियन हलणारच नाही. मागच्या डिफरन्शियलचंही असंच मोजा, मगच पैसे द्या.