बुधवारचा दीड तास

"ताई, मी ४३ वर्षांची, साताऱ्यात एका सहकारी बँकेत क्लार्क आहे. गेल्या दिवाळीपासून सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही चौघी दर बुधवारी सात ते साडेआठ कॅरम खेळतो. लहानपणी खूप खेळायचे, लग्नानंतर मात्र बोर्डाला हात लावला नव्हता. मागच्या बुधवारी राणी घेतली, पाठोपाठ कव्हरही गेलं, आणि मी एवढ्या जोरात ओरडले की माझी मलाच लाज वाटली. सासूबाई म्हणतात, 'या वयात कसले पोरखेळ!' मुलगी दहावीला आहे. ती म्हणते, 'मी अभ्यास करायचा आणि तू खेळायचं?' साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, 'मॅडमकडे बराच वेळ दिसतोय.' मिस्टर काहीच बोलत नाहीत (ते रविवारी सकाळी टर्फवर क्रिकेट खेळतात). मी सगळ्यांना सांगते, यानं ताण कमी होतो, एकाग्रता वाढते. निघण्याआधी स्वयंपाक उरकून, ओटा पुसून, दुसऱ्या दिवशीची भाजीसुद्धा निवडून ठेवते. तरी अपराधी वाटतंच. आंतरबँक स्पर्धेत नाव दिलं तर घरचे मनावर घेतील का? की बंदच करू?"

बंद करू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात बोलकं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. मिस्टर दर रविवारी बॅट घेऊन बाहेर पडतात. त्यानं एकाग्रता वाढते का, हे त्यांना कुणी विचारलंय? निघण्याआधी त्यांनी कधी गवारीच्या शेंगा मोडून ठेवल्यात? खेळून घरी आल्यावर पोहे कोण करतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि मीही विचारत नाही. त्यांचं खेळणं चुकीचं आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही, खुशाल खेळू देत. पण एकाच घरात एकाचा खेळ सुट्टीत मोडतो आणि दुसरीच्या खेळाला दंड पडतो. तो दंड तुम्ही न मागता भरताय, आणि तोही आगाऊ. ती निवडलेली भाजी म्हणजे दुसरं काय आहे?

तेव्हा या बुधवारी भाजी निवडायची नाही. स्वयंपाकाचं मिस्टरांशी आदल्या दिवशीच बोला. टोमणा नको, रडणं नको. "उद्या खिचडी तुम्ही लावा, मला सातला खाली जायचंय," एवढं पुरे. जे गृहस्थ काही बोलत नाहीत, त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं, असा माझा अनुभव आहे. खिचडी करपली तर करपू दे. ओटा पुसलेला नसेल, तोही सकाळपर्यंत कुठे जात नाही.

आता सासूबाई. त्यांना एकदा सहज विचारून बघा, त्यांच्या मंगळागौरीला काय काय खेळ झाले होते. त्यांना कोंडीत पकडायला नव्हे, खरंच ऐकायला विचारा. श्रावणातल्या मंगळवारी रात्रभर जागून झिम्मा, फुगडी, पिंगा, सूप नाचवणं, 'आगोटं पागोटं', 'लाट्या बाई लाट्या', 'किस बाई किस' हे सगळं खेळायच्या त्या लग्न झालेल्या बायकाच. त्यांच्या जोडीला चार पोरांच्या आयाही कंबर खोचून उतरायच्या. त्या आरडाओरड्याला पोरखेळ म्हणायची कुणाची टाप नव्हती, कारण पुढ्यात पूजा मांडलेली असायची. बायकांना खेळायचंच असायचं, त्याला व्रताचा आडोसा लागायचा. तुम्ही तोच आडोसा आता आरोग्याचा केलाय. ताण, एकाग्रता, मेंदूला व्यायाम... अहो, राणीला कव्हर मिळाल्यावर तुम्ही ओरडलात, ते काय एकाग्रता वाढल्याच्या आनंदात?

ही कारणं तेवढी बंद करा. एक तर ती ऐकणाऱ्याला पटत नाहीत. शिवाय त्यांचा उलटा धोका असतो. फायदा दाखवून खेळायची परवानगी मिळवलीत, तर उद्या कुणीही म्हणेल, "ताण तर अजून आहेच, मग कशाला जाता?" मग खेळाचाही हिशेब द्यावा लागेल, आणि हिशेब तुम्ही दिवसभर काउंटरवर करताच. कुणी विचारलं तर सांगा, मजा येते म्हणून खेळते. सुरुवातीला हे वाक्य घशात अडकेल.

मुलीचं बोलणं मात्र मी वेगळं धरते, कारण तिच्या तक्रारीत थोडं तथ्य आहे. तिनं खेळणं बहुधा सोडलं असेल, किंवा तुम्ही सोडायला लावलं असेल. तसं असेल तर तुमचा बुधवार कापण्याऐवजी तिलाही रोज तासभर मोकळा द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेपर चालू असतील तेव्हा एखादा बुधवार तुम्ही आपणहून सोडलात तर बिघडत नाही. त्या काळात घरात तुमची खरी गरज असेल. आत्तापासून वर्षभर सोडायची गरज नाही.

साहेबांना उत्तरच देऊ नका. सात वाजता बँक तुमच्या वेळेची मालक नसते. फारच बोलले तर हसून एक माहिती द्या. आपल्याकडे १९५३ पासून कामगार कल्याण निधीचा कायदा आहे. त्यासाठी जून आणि डिसेंबरच्या पगारातून छोटीशी कपात होते, मालकालाही त्यात भर घालावी लागते, आणि त्यातून कामगार कल्याण मंडळ नाटकांच्या, भजनांच्या, कबड्डीच्या स्पर्धा भरवतं. तुमच्या पगारपत्रकावर ती कपात आहे का, ते एकदा बघाच. नोकरी करणाऱ्या माणसाला करमणूक लागते हे सरकारला सत्तर वर्षांपूर्वी कळलं होतं. साहेबांना थोडा वेळ द्यावा लागेल.

राहिली स्पर्धा. घरच्यांनी मनावर घ्यावं म्हणून नाव देणार असाल तर देऊ नका. तोही आडोसाच झाला, आणि पहिल्याच फेरीत हरलात तर बुधवारही जाईल. पण अनोळखी माणसांसमोर, परक्या बोर्डावर स्ट्रायकर कसा चालतो ते बघायची खुमखुमी असेल, तर आजच फॉर्म भरा. दुहेरीही असेल तर बुधवारच्या तिघींपैकी कुणाला तरी जोडीला घ्या. आणि चिठ्ठीत पहिल्या फेरीला तुमचेच साहेब समोर आले, तर मला नक्की कळवा.

— ताई