दर वर्षी नवं फ्रेमवर्क येतं, आता एआयही आलं. वेब डेव्हलपरने शिकायचं तरी काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: फ्रंटएंडमध्ये (साइटच्या वापरणाऱ्याला दिसणाऱ्या भागात) दोन वर्षं झाली, एक फ्रेमवर्क (साइट बांधायचा तयार सांगाडा) हातात बसेपर्यंत टीम दुसऱ्यावर जाते, निम्मा कोड आता एआय लिहून देतं, आणि सिनिअर मंडळी 'कम्युनिटीत अ‍ॅक्टिव्ह राहा' म्हणतात, पण त्यासाठी नेमकं काय करायचं ते कुणी सांगत नाही. शिवाय एका महागड्या कोर्सला पैसे भरावेत का, असंही विचारलंय. कोर्सचं शेवटी सांगते.

मी ज्या तंत्रावर या धंद्यात आले ते आज हयात नाही. 2006 च्या सुमाराला मी फ्लॅश शिकले. तेव्हा वेबवर काही हलायचं, वाजायचं किंवा खेळायचं असेल तर ते फ्लॅशमध्येच व्हायचं, यूट्यूबचे व्हिडिओसुद्धा. 2007 मध्ये आयफोन आला आणि त्यात फ्लॅश नव्हतं. आम्ही हसलो होतो. एप्रिल 2010 मध्ये अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून ते का येणार नाही हे सविस्तर सांगितलं, तेव्हा हसू थांबलं. पुढच्या वर्षी फ्लॅशवाल्या अ‍ॅडोबीने मोबाइलवरच्या फ्लॅशचं काम बंद केलं. 31 डिसेंबर 2020 ला उरलासुरला आधार संपला, आणि 12 जानेवारी 2021 पासून तर प्लेअर स्वतःच फाइल चालवायला नकार देऊ लागला. माझ्या पहिल्या चार वर्षांचं काम आजच्या कुठल्याही ब्राउझरमध्ये जसंच्या तसं उघडत नाही. (रफल नावाचा एक एम्युलेटर, म्हणजे फ्लॅशची नक्कल करणारा प्रोग्राम, लोकांनी हौसेने लिहिलाय, त्यात माझी काही अ‍ॅनिमेशन्स अजून हलतात. एकदा रात्री बघत बसले होते. फार चांगली नव्हती.)

चार वर्षं पाण्यात गेली असं तेव्हा वाटलं. पण जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरची स्वतःची भाषा, उघडली तर ओळखीची निघाली, कारण फ्लॅशची अ‍ॅक्शनस्क्रिप्ट आणि जावास्क्रिप्ट दोन्ही ईसीएमएस्क्रिप्ट या एकाच मानकावर बेतलेल्या. क्लिकची घटना आतून बाहेर कशी जाते, लिसनर (घटनेवर कान लावून बसलेला कोड) काढायला विसरलं की मेमरी कशी तुंबते, हालचाल शेवटी मंदावली की डोळ्याला का बरी वाटते, हे सगळं माझ्यासोबत आलं. टाइमलाइनचे शॉर्टकट तेवढे मागे राहिले, आणि गंमत म्हणजे मला सगळ्यात जास्त अभिमान त्या शॉर्टकटांचा होता.

यावरून लोक 'बेसिक पक्कं करा' असा उपदेश करतात. तो खरा असला तरी पोकळ आहे, कारण बेसिक कशाला म्हणायचं ते सांगत नाहीत. मी एक कसोटी लावते: दिलेला शब्द कोण पाळतं? फ्लॅश ब्राउझरमध्ये पाहुणा होतं. फ्रेमवर्क हेसुद्धा पाहुणेच. अँग्युलरची दुसरी आवृत्ती 2016 मध्ये आली तेव्हा पहिल्या आवृत्तीचा कोड तिच्यावर सरळ चालत नव्हता. ब्राउझरच्या बाबतीत असं सहसा होऊ देत नाहीत. 2018 ची गोष्ट बघा. जावास्क्रिप्टच्या अ‍ॅरेला (म्हणजे मूल्यांच्या यादीला) 'फ्लॅटन' नावाची नवी सोय द्यायचं ठरत होतं. लक्षात आलं, की मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने (तयार कोडच्या गाठोड्याने) त्याच नावाची स्वतःची पद्धत अ‍ॅरेला आधीच चिकटवून ठेवलेली आहे. नवी आली तर त्या लायब्ररीवर उभ्या असलेल्या जुन्या साइट मोडतील. मूटूल्स तोवर कुणी नव्याने वापरत नव्हतं. तरी त्या साइट मोडू नयेत म्हणून भाषेतलं नाव बदललं. 'स्मूश' ठेवू या अशी थट्टाही झाली, तिच्यावरून मोठा गदारोळ झाला, आणि शेवटी 'फ्लॅट' ठरलं. ज्यांनी कधीच तक्रार केली नसती अशा साइटमालकांसाठी एवढी खटपट! म्हणून ब्राउझरबद्दल शिकलेली गोष्ट दहा वर्षांनीही कामाला येते.

या सभ्यतेची किंमतही आहे. जावास्क्रिप्ट 1995 मध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत उभं केलं, आणि तारखांचा भाग तेव्हाच्या जावावरून उचलला. त्यात जानेवारी म्हणजे शून्य. जावाने तो प्रकार 1997 मध्येच कालबाह्य ठरवला, आपण मात्र अजून शून्यापासून महिने मोजतोय. त्यात भर म्हणजे, नुसती तारीख दिली तर ती यूटीसी (ग्रिनिचची जागतिक वेळ) धरली जाते आणि सोबत वेळ दिली तर स्थानिक. त्यामुळे ग्रिनिचच्या पश्चिमेला बसलेल्या माणसाला कालची तारीख दिसते. या एका बगने माझ्या किती संध्याकाळी खाल्ल्या ते विचारू नका. टेम्पोरल नावाचा नीट पर्याय आता कुठे ब्राउझरांत येऊ लागलाय.

एक ताजं उदाहरण देते. आमच्या टीममधला एक हुशार मुलगा दोन दिवस एका स्क्रीनशी झगडत होता. बटण दाबलं की भरलेली सगळी माहिती गायब. त्याने स्टेट (स्क्रीनची त्या क्षणीची माहिती) सांभाळणारी लायब्ररी बदलून पाहिली, हुक पुन्हा लिहिले, आवृत्ती मागे नेली. मी ब्राउझरचा नेटवर्क टॅब, जिथे पान काय काय मागवतंय ते दिसतं, तो उघडायला सांगितलं. पान चक्क रीलोड होत होतं. फॉर्मच्या आत ठेवलेल्या बटणाला प्रकार सांगितला नाही, तर एचटीएमएल त्याला 'सबमिट' समजतं, आणि सबमिट झालं की ब्राउझर नवं पान मागवतो. यात फ्रेमवर्कचा काही संबंधच नव्हता. एक शब्द लिहिला आणि सुटलं. त्या मुलाला तीन फ्रेमवर्क येतात. पुढचं पाठ, मागचं सपाट.

म्हणजे फ्रेमवर्क शिकू नका असं नाही, पोट त्यावरच आहे. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर त्यातलं काय उरतं ते मात्र बघावं. जेक्वेरी ही लायब्ररी 2006 मध्ये आली तेव्हा पानावरचा घटक सीएसएसच्या (पानाच्या सजावटीच्या भाषेच्या) पद्धतीने शोधणं ही चैन होती, ती नंतर ब्राउझरनेच देऊ केली. 2013 मध्ये रिअ‍ॅक्ट खुलं झालं आणि 'स्क्रीन म्हणजे स्टेटचं चित्र' हा विचार रुजला. आज तो जवळपास प्रत्येक फ्रेमवर्कमध्ये या ना त्या रूपात सापडतो. नवं काही समोर आलं, की ते कुणाच्या कुठल्या दुखण्यातून जन्माला आलं हे मी आधी शोधते. तसं दुखणं मला नसेल तर औषध घेत नाही.

आता कम्युनिटी. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा माझा पहिला जाहीर प्रश्न असा होता: 'मेनू चालत नाही, मदत करा, अर्जंट.' खाली चारशे ओळी कोड. प्रश्न तासाभरात बंद केला गेला आणि मी चिडले. मोठे समजतात स्वतःला, वगैरे. पण जाता जाता एका अनोळखी माणसाने एक ओळ लिहून ठेवली होती: कोड निम्मा करा, बिघाड तसाच राहिला तर पुन्हा निम्मा करा.

रागारागातच करून पाहिलं. चारशेचे दोनशे झाले, दोनशेचे शंभर, असं करत अठरा ओळींवर आले आणि कारण समोर उभं राहिलं. मेनू बाकीच्या मजकुराच्या खाली दबत होता, म्हणून मी त्याला झेड-इंडेक्स (कोण वर, कोण खाली ते ठरवणारा आकडा) 9999 दिला होता. तरी तो वर येत नव्हता, कारण त्याच्या पालक घटकाला अ‍ॅनिमेशनसाठी ओपॅसिटी (अपारदर्शकता) 0.99 दिलेली होती. ओपॅसिटी एकापेक्षा जराही कमी झाली की ब्राउझर तिथे नवा स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट (वर-खाली रचण्याचा वेगळा गट) बनवतो, आणि मग आतला आकडा फक्त आतल्या भावंडांत मोजला जातो. पालकच खाली असेल तर पोराने कितीही मोठा आकडा लावला तरी तो पालकासकट खालीच. प्रश्न पुन्हा विचारायची गरज उरली नाही. पुढे मी शेकडो प्रश्न लिहायला घेतले, त्यातले निम्मे तरी लिहितालिहिताच सुटले आणि कधी टाकलेच नाहीत.

प्रश्न विचारायचा तर खरा विचारायचा, हे शिकायला आणखी वेळ लागला. लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात. विचारतात, 'स्ट्रिंगची शेवटची तीन अक्षरं कशी काढू?' मनात असतं फाइलचं एक्स्टेन्शन (नावातल्या टिंबानंतरचा भाग) काढायचं, आणि एक्स्टेन्शन तीन अक्षरांचंच असेल असं थोडंच आहे. उत्तर देणारा तीन अक्षरं काढून देतो आणि पुढच्या आठवड्यात 'जेपीईजी' एक्स्टेन्शनची फाइल येते.

एका गोष्टीची मला अजून लाज वाटते. मध्यंतरी एक विचित्र एरर आली. शोधता शोधता एक सहा वर्षांपूर्वीचा प्रश्न सापडला, एररही अगदी तीच. उत्तर एकही नाही, खाली विचारणारीचीच कॉमेंट: 'सुटलं, धन्यवाद.' कसं सुटलं ते नाही. वर नाव बघितलं तर मीच. पुन्हा सगळं शोधायला दीड दिवस गेला, आणि या वेळी उत्तर लिहून ठेवलं. अ‍ॅक्टिव्ह राहणं म्हणजे मला विचाराल तर एवढंच. सुटल्यावर दोन ओळी जास्त लिहायच्या.

ओपन सोर्सबद्दल (कुणालाही बघता-बदलता येणाऱ्या कोडबद्दल) थोडं सावध सांगते. 'पुल रिक्वेस्टने (दुसऱ्याच्या कोडमध्ये सुचवलेल्या बदलाने) सीव्ही सजतो' या सल्ल्याने बरंच वाटोळं केलंय. 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ओपन सोर्सला हातभार लावणाऱ्यांना बक्षीस देणाऱ्या उपक्रमात) एका टी-शर्टसाठी लोकांनी कुठल्याही प्रकल्पाच्या माहितीपानात एखाददुसरा शब्द घुसवून रिक्वेस्टींचा पाऊस पाडला. शेवटी आयोजकांना नियम बदलून, जे प्रकल्प स्वतःहून तयार असतील त्यांच्यापुरतंच ते ठेवावं लागलं. मी तीन वर्षं तारीख निवडायची एक छोटी लायब्ररी सांभाळली. आठवड्याला एखादा तरी इश्यू (तक्रार) असा यायचा, की वाचून वाटावं मी यांच्याकडे पगारावर आहे. आयत्या बिळावरचे नागोबा फूत्कारही टाकतात. आणि एकेकट्याच्या कामावर किती काही उभं असतं ते बघा. मार्च 2016 मध्ये एका माणसाने नावाच्या वादातून आपली पॅकेजेस एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडारातून) काढून घेतली, त्यात लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं एक होतं. ते शब्दाच्या डावीकडे रिकामी जागा भरण्यापलीकडे काही करत नव्हतं. पण त्याच्यावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं, असं रचत गेलेलं होतं, आणि जगभरचे बिल्ड (कोडपासून चालू साइट तयार करायचं काम) कोसळले. काही तासांत ते परत आणलं गेलं, पण तेव्हापासून एखादं पॅकेज घ्यायच्या आधी मी त्याच्या मागे किती माणसं उभी आहेत ते बघते. बहुतेक वेळा एक असतो. तुम्हाला खरंच हातभार लावायचा असेल तर वापरताना जिथे अडलात तिथलं डॉक्युमेंटेशन सुधारा. नवखा कुठे अडतो हे मेंटेनरला (प्रकल्प सांभाळणाऱ्याला) दिसत नाही, तुम्हाला दिसतं.

एआय मी रोज वापरते. कंटाळवाणं काम ते झटक्यात करतं, आणि बटणाचा प्रकार विसरण्याची चूकही झटक्यात करतं. डिसेंबर 2022 मध्ये, चॅटजीपीटी येऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तर साइटने त्यातून आणलेल्या उत्तरांवर बंदी घातली. उत्तरं दिसायला बरोबर आणि बऱ्याचदा चुकीची, ही तक्रार होती. मॉडेलं तेव्हापासून खूप सुधारलीत. मला खटकतं ते वेगळंच. पूर्वी तुम्ही चारचौघांत अडायचात, त्यामुळे मागून येणाऱ्याला वाट सापडायची. आता अडणं बंद खोलीत होतं. सुटलं तरी कुणाला कळत नाही, आणि चुकीचं सुटलं तरी 'अहो, असं नाही' म्हणायला कुणी नसतं. नोकरी जाईल का, या तुमच्या भीतीवर मी भविष्य सांगणार नाही. माझ्या कामात लिहिण्याचा वेळ कमी झालाय आणि वाचण्याचा वाढलाय, एवढं नक्की. दुसऱ्याचा कोड वाचायचा कंटाळा असेल तर तो आत्ताच घालवा.

कोर्सबद्दल: निदान या वर्षी भरू नका. तीन आठवड्यांत एक्स्पर्ट करण्याचं आश्वासन म्हणजे पी हळद हो गोरी. कुठल्याही नावाजलेल्या फ्रेमवर्कचं अधिकृत डॉक्युमेंटेशन फुकट आहे आणि बहुतेक कोर्सपेक्षा ताजं असतं. त्यापेक्षा मागच्या वर्षी तुम्ही केलेली एखादी स्क्रीन घ्या, फॉर्म आणि यादी असलेली, आणि ती एकही लायब्ररी न घेता पुन्हा लिहा. माऊस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डवर चालवून बघा. जिथे बटणाऐवजी डिव्ह (एचटीएमएलचा नुसता डबा) वापरला असेल तिथे टॅब थांबणारच नाही, ते लगेच कळेल. मग ब्राउझरचं बॅक बटण दाबून बघा. तिथे तुम्ही अडकणार, मी तीन दिवस अडकले होते. अडकलात की कोड निम्मा करा. तरी नाही सुटलं तर उरलेल्या ओळी घेऊन नवा प्रश्न टाका आणि मला तिथे बोलवा.