काडी कुणी ओढली

चि.,
अनेक आशीर्वाद.

निपाणी-चिकोडीकडे उसाची तोड सुरू झाली की संध्याकाळी चारी बाजूंनी पाला पेटतो, त्यात माझ्या दीड एकरातला पाला न जाळता रानातच कुजवला तर काय फरक पडणार, असं तू विचारतोस. धुरात काडीचाही फरक पडणार नाही. पण धूर किती कमी झाला हा तुझा प्रश्नच नाही. तुझ्या रानात काडी कुणी ओढली, एवढाच तुझा प्रश्न.

फायदा आहे, नाही असं नाही. एकरी ४ टन पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, धर. त्यात अर्धा टक्का नत्र म्हणजे २० किलो, युरियाच्या एका पोत्याएवढं. जाळलं की ते हवेत. पण या हिशोबावर भिस्त ठेवू नकोस. पहिल्या खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून परत फुटणाऱ्या उसाला, उतारा वाढलेला दिसला नाही की हात परत काडेपेटीकडे जाईल. ‘एकट्यानं काय होतंय’ असं शिवारातला जो तो म्हणतो, आणि त्या सगळ्या एकट्यांचाच तो धूर असतो. आपण गेलो नाही तर पंढरी ओस पडेल का, असं मोजून कुणी वारीला निघतं होय? मला गावात हट्टी म्हणतात. म्हणू देत.

काम मात्र चोख कर. अर्धवट केलंस की लोक हसतात, आणि बरोबरच हसतात. तोडणीची टोळी हलली की लगेच पाला बुडख्यांवरनं ओढून सरीत घे; वर राहिला तर फुटवा विरळ येतो. बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाट. पाचटाच्या टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू शेणखतात मिसळून टाक. युरिया वाचवायला जाशील, तर पाला कुजवताना जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढतात, खोडवा पिवळा पडतो आणि नाव पाचटाचं खराब होतं. युरिया टाकून पाणी लांबवलंस तर तोही उडून जातो. पहिलं पाणी सरीत तुंबेल. पाला तुडवून मातीला टेकव, पुढं सरकेल. नंतरची खतं पहारीनं भोकं पाडून दे.

शेजारी पेटवणार हे धरूनच चाल. त्याच्या बांधाकडची १० फूट पट्टी कोरी ठेव, कधी पेटवणार ते विचार आणि त्या दिवशी कडेच्या सऱ्या भिजव. भांडू नकोस. तरी आग आत आलीच, तर ‘बघा, उपयोग झाला नाही’ असं मला लिहू नकोस. काडी तू ओढली नव्हतीस, झालं.

तोड कधी आहे ते कळव. जिवाणू आधीच आणून सावलीत ठेव. टोळी गेल्यावर शोधत बसलास की पाणी द्यायचा दिवस जातो.